पाठीला आधार, पण हाताला?

लांबच्या प्रवासासाठी मोटारसायकलच्या मागच्या आसनाला काढता-घालता येणारा बॅकरेस्ट बसवून घेणारे दुचाकीस्वार शहरांत दिसू लागले आहेत. सहप्रवाशाच्या पाठीला आराम मिळतो, हे खरेच. मात्र काही बनावटींत तो बसविण्यासाठी कंपनीने दिलेली मागची पकडदांडीच उतरविली जाते आणि प्रश्न तेथे उभा राहतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार सहप्रवाशासाठी हाताने धरण्याची सोय, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे संरक्षण (आपल्याकडचे साडी गार्ड) बंधनकारक आहे. बॅकरेस्टची सक्ती त्यात नाही. म्हणजे सक्तीची वस्तू काढून हौसेची वस्तू बसविण्याचा हा प्रकार झाला! एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या महिलेच्या तर हा टेकू पाठीशी येतच नाही. तिची सारी भिस्त दांडीवरच असते.

दांडी जागेवर ठेवून बसणारे बॅकरेस्टही बाजारात मिळतात. ते घेतानाही एक पथ्य हवे. टेकूला जड पिशव्या अडकविल्यास भार मागच्या चाकाच्या आसापलीकडे जातो आणि पुढचे चाक हलके पडते. वारंवार काढघाल होत असल्याने बोल्टही अधूनमधून आवळून घ्यावे लागतात.