परदेशची वारी आणि नोकरीचा अर्ज

तलासरीहून खानवेलच्या वाटेला लागले की उधवा हे गाव येते. 1954 सालापर्यंत खानवेलकडे पोर्तुगीजांचे राज्य होते. त्या साली 2 ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले आणि तेथून निसटलेला कप्तान फिदाल्गो 11 ऑगस्टला याच उधव्याला शरण आला. म्हणजे त्यापूर्वी उधव्याचा एखादा वारली खानवेलला सोयऱ्याकडे जाऊन आला, तरी तो रीतसर परदेशगमनच करून येई! पण तेवढ्यावर त्याला कोणी नोकरी दिल्याचे ऐकिवात नाही.

आणि द्यावी तरी का? सीमा ओलांडणे हा काही गुण नव्हे; पलीकडे जाऊन काय केले, हा गुण. गोष्ट साधी आहे, पण परदेशातून परतलेल्या आपल्या मुलामुलींच्या अर्जात नेमकी तीच हरवते. ‘अमेरिकेत पाच वर्षांचा अनुभव’ एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्याच्या पदरात काय पडले? अमेरिका कोठे आहे, हे त्याला ठाऊकच असते.

शेजारच्या डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांचे उदाहरण घ्या. लहानपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणेच सोडले होते. मनातले ते मातीत चित्रे काढून सांगत. पुढे वारली चित्रकलेने त्यांना जगभर नेले. त्यांची नोंद कशी वाचली जाते पाहा : 1976, राष्ट्रीय पुरस्कार, 1989, पॅरिसच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात चित्रे, 2003, जर्मनीत ड्युसेलडॉर्फ येथे इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांच्याबरोबर प्रदर्शन, 2011, पद्मश्री. साल, गाव, काम! ‘युरोप पाहिलेला’ असे विशेषण जोडायची गरजच उरत नाही.

अर्जातही हेच करावे. संस्थेचे नाव, ती काय करते हे एका ओळीत, आपल्याकडे सोपवलेले काम, हाताखालची माणसे आणि किती महिने. तिकडची पदनामे जशीच्या तशी उचलू नयेत. अमेरिकन बँकांत ‘व्हाइस प्रेसिडेंट’ पुष्कळ असतात; आपल्याकडे तो शब्द वाचून साहेब एक तर दबकतात, नाही तर हसतात. पदाखाली कामाचे स्वरूप लिहिले की दोन्ही टळते. तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम असेल, तर तीन आठवडे असेच लिहावे. ‘लंडन येथे शिक्षण’ हा मोघमपणा मुलाखतीत उघडा पडतो. आणि शेवटी, तिकडे शिकलेल्या गोष्टीचा येथे काय उपयोग, हे एका वाक्यात सांगावे.

पदवीचे प्रकरण निराळे. तिला येथे समकक्षता लागते. हे काम पूर्वी भारतीय विद्यापीठ संघ पाही; विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 साली त्यासाठी स्वतःचे नियम केले. डॉक्टरी, वकिली अशा व्यवसायांचे नियम आणखी वेगळे. प्रमाणपत्र हाती असेल, तर अर्जात तसे आवर्जून लिहावे.

कोणी म्हणेल, हुशार मुलाला एवढी उठाठेव कशाला? मुंबई-पुण्याच्या मुलाला ओळखी असतात. कोणी काका, कोणी मामा चार शब्द टाकतो. आखातात पाच वर्षे वेल्डिंग करून उधव्यासारख्या गावी परतलेल्या मुलाचा मात्र तो कागदच मामा असतो. तेथे तेलाच्या टाक्या जोडणारा हात अर्जात नुसता ‘दुबई रिटर्न’ झाला, तर येथला कारखानदार त्याला नवशिक्याच्या पगारावर बसवतो आणि पाच वर्षांचे कसब पाण्यात जाते.

म्हणून परदेशी असलेल्या आपल्या मुलांना आजच एक पत्र लिहा. परतीचे तिकीट काढण्यापूर्वी वरिष्ठांकडून कामाचा तपशील असलेले, सहीशिक्क्याचे अनुभवपत्र मागून घ्यावे. समुद्राच्या अलीकडून ते मागवायचे म्हणजे महिनेच्या महिने जातात.