डिस्चार्ज मिळाला म्हणजे उपचार संपले का?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोम म्हणजेच जीबीएसची साथ आली, तेव्हा रोज आकडे प्रसिद्ध होत होते. किती दाखल, किती व्हेंटिलेटरवर, किती घरी सोडले. घरी सोडलेला रुग्ण बरा झाला, असे सगळ्यांनीच धरून चालले. माझी आईही त्यांतलीच. घरी आणले तेव्हा तिला स्वतःच्या हाताने पाण्याचा पेलाही उचलता येत नव्हता. सरकारी योजना आणि खासगी विमा या दोन्हींनी डिस्चार्जनंतरचे पुनर्वसन उपचारांतच धरले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. बहुतेकदा आधी पायांतले बळ जाते, मग हातांतले. काहींचा श्वासही यंत्रावर जातो. इम्युनोग्लोब्युलिनचा महागडा डोस साधारण पाच दिवसांत देऊन होतो, पण गेलेली ताकद परत यायला महिने लागतात. मज्जातंतूचा गाभाच दुखावला असेल, तर तो दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर डोळ्यांसमोर आणले, की हा मामला किती लांबणारा आहे ते कळते.

आयसीयूत आईच्या गळ्यात श्वासाची नळी होती, त्यामुळे बोलणे बंद. बहिणीने पाठकोऱ्या कागदावर मुळाक्षरे लिहून नेली. ती एकेका अक्षरावर बोट ठेवायची, हवे ते अक्षर आले की आई पापण्या मिटायची. पहिल्यांदा जुळले ते ‘पाठ’. तिला कूस बदलून हवी होती. डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी तिचा जीव वाचवला, ते ऋण आम्ही विसरणार नाही. पण घरी तिला दर दोन तासांनी कसे वळवायचे, अन्नाच्या नळीतून मुगाचे कढण देताना डोक्याची बाजू किती उंच ठेवायची, पाऊल ताठरू नये म्हणून घोटा कसा वाकवायचा, हे आम्हाला बिलाच्या रांगेत उभे असताना घाईघाईत सांगितले गेले. पुढे फिजिओथेरपिस्टची फी, नर्सिंग ब्युरोच्या बाईचा पगार, एअर बेडचे भाडे, सगळे खिशातून. शेवटी बहिणीने नोकरी सोडली.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. साथीच्या काळात सरकारने जीबीएसच्या पॅकेजची रक्कम वाढवली, त्याचा अनेकांना आधार झाला. पण योजनेचा बहुतेक हिशेब रुग्णालयातल्या खाटेशी बांधलेला आहे. खासगी विमाही डिस्चार्जनंतर साधारणतः ६० ते ९० दिवसांपर्यंतचाच खर्च देतो. ज्या आजारात माणूस पुन्हा उभा राहायला सहा महिने, वर्ष घेतो, तिथे हे कसे पुरणार?

सरकारी तिजोरीला मर्यादा आहेत, घरच्यांनी घरच्या माणसाचे करावेच, असे कोणी म्हणेल. घरचे करतातच. पण व्यायामाअभावी सांधे आखडले, पाठीला जखमा झाल्या, घास श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया झाला, तर तोच रुग्ण पुन्हा दाखल होतो. आयसीयूवर लाखो रुपये खर्च करायचे आणि फिजिओथेरपीपाशी हात आखडता घ्यायचा, ही काटकसर नव्हे, उधळपट्टी आहे. पक्षाघाताच्या आणि मणक्याला मार लागलेल्या रुग्णांनाही हेच लागू आहे.

पुनर्वसनाचे शास्त्र आपल्याला नवे नाही. मुंबईत हाजी अलीला यासाठीची केंद्रीय संस्था अनेक दशके आहे, खडकीत जखमी सैनिकांसाठी पॅराप्लेजिक केंद्र आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. प्रश्न आहे तो ही सेवा सामान्य माणसाच्या तालुक्यापर्यंत नेण्याचा.

माझ्या मागण्या तीन आहेत. अशा आजारांच्या पॅकेजमध्येच डिस्चार्जनंतरची किमान सहा महिन्यांची फिजिओथेरपी धरावी. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्टचे पद असावे आणि ते भरलेले असावे. ज्यांना घराबाहेर काढता येत नाही, त्यांच्याकडे त्याने घरी जावे. आणि घरी सोडण्याआधी नातेवाइकांकडून सगळी शुश्रूषा वॉर्डातच करून घ्यावी, सोबत मराठीत लेखी सूचना द्याव्यात. या तिसऱ्या गोष्टीला तर पैसाही फारसा लागत नाही. रुग्णालयांनी ती उद्यापासून सुरू करावी.

आरोग्य विभागाने पॅकेजचा पुढचा आढावा घेताना याचा निर्णय करावा. तोवर सरकारने न केलेला हा खर्च घराघरांतल्या मुली आणि सुना आपल्या नोकऱ्या सोडून भरत राहतील.

आपला,
एक वाचक, धायरी, पुणे