इंजिनातील झडप आणि मंचेरियलचा कोळसा

मंचेरियल हे नाव गोव्यातील फार थोड्या वाचकांच्या कानांवरून गेले असेल. तेलंगणातील जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातून ऑक्टोबर 2016 मध्ये वेगळ्या झालेल्या जिल्ह्याचे हे मुख्य ठिकाण, गोदावरीच्या उत्तर तीरावर, बल्लारशाहहून काझीपेटकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर वसलेले आहे. जिल्ह्याच्या पूर्वेला प्राणहिता ओलांडली की महाराष्ट्रातील सिरोंचा तालुका सुरू होतो. बेल्लमपल्ली, मंदमर्री, श्रीरामपूर हे सिंगरेणी कंपनीचे खाणपट्टे याच परिसरातले. नदीपलीकडे जेमतेम पंधरा किलोमीटरवर रामगुंडमचे 2600 मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. सिंगरेणीच्या कोळशावर ते 1983 पासून चालते आणि त्याच्या विजेतील सुमारे 100 मेगावॅटचा वाटा गोव्याचा आहे. पणजीत रात्री चार्जिंगला लावलेल्या मोटारीत गोदावरीकाठच्या या कोळशाचा अंश हिशेबाने उतरतो, तो असा.

कोळशाचे हे प्रकरण आधी सांगण्याचे कारण पेट्रोल इंजिनातील एका झडपेत आहे. मोटारींच्या कार्बन उत्सर्जनाबाबतच्या नव्या केंद्रीय निकषांवर, म्हणजे ‘कॅफे-3’ वर, सध्या कंपन्यांमध्ये जो वाद चालू आहे, तो वरवर लहान गाडी विरुद्ध मोठी गाडी, पेट्रोल विरुद्ध वीज असा दिसतो. मुळात तो मोजमापाचा वाद आहे. कोणत्या गोष्टीचे माप धरले म्हणजे कोणते तंत्र जगते आणि कोणते मरते, हे त्या झडपेच्या भारतातील अल्पायुषी कारकिर्दीवरून जितके स्पष्ट होते तितके आकडेवारीच्या तक्त्यांवरून होत नाही.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी अशा दोन प्रकारच्या झडपा असतात. मेकॅनिक त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. त्यांची उघडझाप कॅमशाफ्ट नावाचा दांडा करतो. या दांड्यावरील उंचवटे ज्या आकाराचे, त्या आकारानेच झडप उघडणार. एकदा दांडा घडवला की तो आकार कायमचा. गाडी मडगावच्या गर्दीत रांगत असो की महामार्गावर धावत असो, झडप तेवढीच आणि तितकाच वेळ उघडते. मग कमी शक्ती हवी असेल तेव्हा हवा कमी करायची कशी? त्यासाठी हवेच्या वाटेत थ्रॉटल ही चकती आडवी धरतात. शहाळ्याचे पाणी ओढताना नळी मध्येच चिमटीत धरली तर गालांना जे कष्ट पडतात, तेच कष्ट पिस्टनला पडतात. हे कष्ट पेट्रोल जाळूनच भागवावे लागतात. शहरात, जिथे पाय पेडलवर जेमतेम टेकलेला असतो, तिथे ही नासाडी सर्वाधिक. डिझेल इंजिनाचे नियंत्रण मुख्यतः इंधनाच्या मात्रेवर चालते, त्याला अशा चकतीची गरज नसते. डिझेलच्या काटकसरीचे एक मोठे कारण हेच आहे.

तेव्हा चकती बाजूला सारून प्रत्यक्ष झडपेनेच हवा मोजून घ्यावी, हा विचार जुना. बीएमडब्ल्यूने 2001 मध्ये तो यांत्रिक जोडण्यांनी प्रत्यक्षात आणला. फियाटच्या संशोधन केंद्राने मात्र तेलाचा मार्ग धरला आणि 2009 मध्ये ‘मल्टीएअर’ या नावाने तो बाजारात आणला. या रचनेत कॅम झडपेला थेट दाबत नाही. तो एक छोटा पिस्टन दाबतो, पिस्टन इंजिन ऑइलचा स्तंभ दाबतो आणि तेल झडप उघडते. या स्तंभाच्या वाटेवर विजेवर चालणारी एक कळ असते. कळ बंद असेपर्यंत कोंडलेले तेल लोखंडी कांबीसारखे ताठ राहते आणि झडप कॅमचे म्हणणे तंतोतंत ऐकते. कळ उघडली की तेल शेजारच्या छोट्या साठ्यात निसटते आणि कॅम अजून दाबत असला तरी झडप आपल्या स्प्रिंगने मिटते. ती आपटू नये म्हणून शेवटच्या क्षणी तेलच तिला हळुवार टेकवते. कळ केव्हा उघडायची आणि केव्हा मिटायची, हे संगणक प्रत्येक फेरीला, प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्रपणे ठरवतो. लोखंडात कायमचा कोरलेला आकार असा तेलाच्या हाती लवचीक झाला. इंधनात 10 टक्क्यांपर्यंत बचत होते, असा फियाटचा दावा होता.

हे तंत्र भारतात आले ते महागणपतीच्या रांजणगावात. तिथल्या फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतील कारखान्यात बांधलेली जीप कंपास 31 जुलै 2017 रोजी बाजारात उतरली, आणि तिच्या पेट्रोल आवृत्तीत 1368 सीसीचे मल्टीएअर इंजिन होते. त्याच कारखान्याने त्यापूर्वी फियाटचे 1.3 लिटर मल्टीजेट डिझेल इंजिन बनवले होते. मारुतीच्या स्विफ्टपासून टाटांच्या मांझापर्यंत इतक्या गाड्यांत ते बसले की लोक त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणत. गोव्याच्या टॅक्सीचालकांना त्याची ओळख सांगण्याची गरज नाही. मल्टीएअरच्या नशिबी तसे राष्ट्रीयत्व आले नाही. एप्रिल 2023 पासून भारत स्टेज-6 चा दुसरा टप्पा लागू झाला, गाड्यांचे उत्सर्जन प्रयोगशाळेबरोबर प्रत्यक्ष रस्त्यावरही तपासले जाऊ लागले, आणि त्याच सुमारास पेट्रोल कंपास बाजारातून गेली. डिझेल राहिली. कमी खपाचे इंजिन नव्या कसोटीला उतरवण्याचा खर्च निघण्यासारखा नव्हता, एवढाच याचा अर्थ दिसतो. तंत्र हरले म्हणावे, तर टाटांच्याच मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरच्या पेट्रोल इंजिनांत याच कुळातील तेलावर चालणाऱ्या झडपा आहेत. महागड्या गाडीत तंत्राची किंमत लपते. आपल्या खिशाला परवडणाऱ्या गाडीत ती लपत नाही, आणि सरकारी मोजमापे तिला आधार देत नाहीत.

ती मोजमापे पाहू. वस्तू व सेवा कराचे 22 सप्टेंबर 2025 पासूनचे दर असे: पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत आणि लांबी चार मीटरपर्यंत असेल तर 18 टक्के, त्यापुढे 40 टक्के. विजेच्या गाडीला 5 टक्के. पोटाचा घेर मोजून माणूस किती जेवतो ते ठरवावे, तसा हा प्रकार आहे. एका कारखानदाराने 1200 सीसीच्या इंजिनात महागडी झडपयंत्रणा बसवून इंधन वाचवले आणि दुसऱ्याने काहीच केले नाही, तरी दोघांचा दर सारखाच. कंपासची लांबी चार मीटरहून अधिक असल्याने ती वरच्या गटात गेलीच असती, हे मान्य. पण लहान गाडीत असे तंत्र आणू पाहणाऱ्याला तरी या करात कोणते आमिष आहे? गोव्याचा रस्ताकर तर गाडीच्या किमतीच्या टक्केवारीत आकारला जातो. इंधन वाचवणाऱ्या भागाने किंमत वाढली की त्या वाढीवरही कर. काटकसरीवर बसणारा हा कर कोणी जाणूनबुजून लावला नसेल, पण तो वसूल मात्र होतो.

‘कॅफे’चे निकष याहून शहाणे आहेत. तिथे माप ग्रॅमचे आहे: कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीने दर किलोमीटरला किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हा प्रश्न. तराजू योग्य आहे, तक्रार वजनांविषयी आहे. चालू निकषांत विजेची गाडी शून्य ग्रॅमची धरली जाते आणि सरासरी काढताना ती एकीऐवजी तीन गाड्या म्हणून मोजली जाते. थोड्या विजेच्या गाड्या विकून ज्याची सरासरी खाली येते, त्याने पेट्रोल इंजिनाच्या झडपेवर पैसा का खर्चावा? सप्टेंबर 2025 मध्ये प्रसृत झालेल्या, एप्रिल 2027 पासूनच्या निकषांच्या मसुद्यात तर लहान पेट्रोल गाड्यांसाठी वेगळी सवलत सुचवली गेली, आणि लहान कोण हे ठरवताना वजन व लांबीच्या जोडीला 1200 सीसीची जुनी रेघ पुन्हा अवतरली. या सवलतीवरूनच कंपन्यांत फूट पडली. ज्यांच्याकडे हलक्या गाड्या आहेत त्यांना ती न्याय्य वाटते, इतरांना ती एकासाठी शिवलेला अंगरखा वाटते. माझ्या मते दोन्ही बाजूंनी सोयीचे तेवढेच सत्य धरले आहे. ग्रॅम मोजायचे ठरल्यावर मध्ये सीसी आणण्याचे प्रयोजन काय, हे मात्र कोणत्याच बाजूने नीट सांगितलेले नाही.

शून्य ग्रॅमचेही तसेच. साधी पेट्रोल गाडी लिटरला 15 किलोमीटर धावते असे धरले तर किलोमीटरला सुमारे 153 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. झडपेच्या तंत्राने खरोखर 10 टक्के बचत झाली तर तो 138 वर येईल. विजेची गाडी एका युनिटमध्ये साडेसहा किलोमीटर धावते असे समजू. देशातील विजेच्या प्रत्येक युनिटमागे सरासरी सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे किलोमीटरला 108 ग्रॅम. फक्त कोळशावरच्या केंद्राचा हिशेब केला तर हाच आकडा दीडशेच्या घरात जातो. पेट्रोल उपसण्याचा आणि शुद्ध करण्याचा खर्च यात धरलेला नाही, तो धरल्यास विजेची गाडी आणखी पुढे जाते. मी तिच्या विरोधात नाही. सरासरीने ती सरस आहे आणि सौरऊर्जा वाढेल तशी अधिक सरस होईल. परंतु 108 म्हणजे शून्य नव्हे. जानेवारी 2024 पासून गोव्यात नव्याने येणारी पर्यटक वाहने विजेची असतील, असे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी जुलै 2023 मध्ये जाहीर केले, तेव्हाही हिशेब गाडीच्या धुराड्यापाशीच थांबला होता. मोलेच्या जंगलातून न्यायच्या वीजवाहिनीविरुद्ध आणि मुरगावच्या कोळशाविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या गोमंतकीयांना तरी वीज कुठून येते हा प्रश्न परका नसावा.

आता तेलाविषयी. या यंत्रणेत तेल वंगणाबरोबर यंत्राच्या सुट्या भागाचे काम करते. ते घाण झाले, चुकीच्या जातीचे भरले किंवा कमी पडले की झडपेची शिस्त बिघडते. त्याचे मार्ग अरुंद, गाळण्या बारीक. आपल्याकडे ‘अजून हजारभर किलोमीटर जाईल’ म्हणून ऑइल बदलणे पुढे ढकलण्याची रीत, आणि ती माझ्याही घरात आहे. जुन्या बाजारात फिरणाऱ्या पेट्रोल कंपास आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जात आहेत. त्या घेणाऱ्याने रंग आणि टायर पाहण्याआधी ऑइल बदलल्याच्या नोंदी मागाव्यात. हीच गोष्ट सौम्य स्वरूपात साध्या गाड्यांनाही लागू आहे. ज्या गाडीच्या कागदावर व्हीव्हीटी लिहिलेले असते, तिच्यात बहुधा तेलाचा दाबच कॅमशाफ्टला पुढेमागे फिरवून झडपांची वेळ बदलतो. अशा गाड्या म्हापशापासून काणकोणपर्यंत दारोदारी उभ्या आहेत.

तेलाने झडप हलवण्याच्या या कल्पनेला गोव्यात जुने जाणकार आहेत, आणि ते गॅरेजात भेटणार नाहीत. ते तारवटी आहेत. मालवाहू जहाजांच्या प्रचंड टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांत धुराची झडप तेलाच्या दाबाने उघडण्याची पद्धत 1980 च्या दशकापासून रूढ आहे. या शतकाच्या आरंभी तर कॅमशाफ्टच काढून टाकलेली इंजिने आली. सुमारे 200 बार दाबाचे तेल आणि संगणक, एवढ्यावर झडप आणि इंधन दोन्ही चालते. तिथे पेट्रोलच्या थ्रॉटलचा प्रश्नच नाही, तरी झडपेची वेळ प्रवासाच्या वेगाप्रमाणे बदलता आल्याने इंधन वाचते. मोटारीत जे तंत्र अवघडले, ते जहाजात रुळले, कारण इंजिनरूममध्ये तेल अखंड गाळले जाते, ते तपासायला प्रशिक्षित माणूस असतो, आणि रोज दुपारी बारा वाजता ‘नून रिपोर्ट’मध्ये गेल्या चोवीस तासांत किती इंधन जळले ते टनांत लिहून मालकाकडे पाठवावे लागते. इंजिन किती सीसीचे आहे असे त्या अहवालात कोणी विचारत नाही.

‘कॅफे-3’चा अंतिम शब्द काहीही असो, रस्ताकर कसा आकारायचा हे राज्याच्या हातात आहे. गाडीच्या किमतीऐवजी किलोमीटरमागील ग्रॅमवर तो बसवता येईल, आणि विजेच्या गाडीसमोर शून्याऐवजी वीजजाळ्याच्या सरासरीतून आलेला आकडा लिहिता येईल. पुढील अर्थसंकल्पापूर्वी वाहतूक खात्याने एवढे गणित तरी मांडून पाहावे. त्यासाठी लागणारे आकडे केंद्रीय वीज प्राधिकरण प्रसिद्ध करते, आणि त्या आकड्यांत रामगुंडमची राख धरलेली असते.