स्वस्त घर घेण्याआधी

नवीन पनवेलमधील अनेक घरांत सध्या एक मशवरा चालू असतो. अटल सेतू झाला, विमानतळ सुरू झाला आणि येथील घरांचे भाव हाताबाहेर गेले. मग छत्रपती संभाजीनगर, लातूर यांसारख्या आतल्या शहरांकडे नजर वळते. व्याजाचे कर्ज टाळून, आखातात साठवलेल्या कमाईत घर घेऊ पाहणाऱ्यांना तर हीच शहरे परवडतात.

ही शहरे वाढतील का? आम्हाला वाटते, वाढतील. वाळूजच्या कारखान्यांनी संभाजीनगरला रोजगार दिला. आता शेंद्रा-बिडकीनचे ऑरिक उभे राहत आहे. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने तेथील प्रकल्पासाठी सुमारे २०,००० कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. लातूरकडे ‘लातूर पॅटर्न’मुळे दूरदूरचे विद्यार्थी येतात.

पण कारखाना आणि रस्ता आला म्हणजे संसार सोपा होतोच असे नाही. जायकवाडीसारखे मोठे धरण जिल्ह्यात असूनही संभाजीनगरच्या कित्येक वस्त्यांनी अनेक दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर वर्षे काढली. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. आपणही हे जाणतो. सिडकोने सेक्टर आखून वसवलेले नवीन पनवेल एकेकाळी लांबचे आणि स्वस्त मानले जाई. शहर फुगत गेले, पण पनवेलकरांची उन्हाळ्यातील पाण्याची ओढाताण संपली नाही.

म्हणून आमचा आग्रह एवढाच, की आतल्या शहरात घर किंवा प्लॉट घेण्याआधी मे महिन्यात तेथे एकदा जाऊन यावे. दलालाला भाव विचारावा; नळाला पाणी कधी येते आणि टँकरला किती पडतात, हे मात्र शेजारच्या बायकांना विचारावे. सातबारा, एनए आदेश आणि महारेराचा क्रमांक जाणकाराकडून तपासून घ्यावा. मुलाला काम कोठे मिळेल, मुलगी कॉलेजला कोणत्या बसने जाईल, आजारी अब्बांना रात्री कोठे न्यायचे, हे घरात बसून बोलावे. या बैठकीत घरातील स्त्रियांचे मत आधी घ्यावे, कारण पाण्याची वाट बहुधा त्याच पाहतात.

भाव पुढे वाढेल या आशेवर घेतलेला प्लॉट पडून राहिला, तर त्यात अडकते ती एका माणसाची परदेशातील उमेदीची वर्षे. ती कोठे लावायची, हे घाईत ठरवू नये.