चौथी सीट
सकाळची डोंबिवली फास्ट, लेडीज डबा आणि चौथी सीट रिकामी? चक्क! तिसऱ्या सीटवरच्या मुलीच्या हातांवर कोडाचे पांढरे डाग होते. बाकीच्या उभ्या. ठाणं गेलं, तरी मीसुद्धा उभीच.

रात्री स्वतःचीच लाज वाटली. मग वाचलं. कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे. स्पर्शानं पसरत नाही, दूध-मासे एकत्र खाल्ल्यानं होत नाही. बहुतेकदा आपलीच प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते, इतकंच. मलमं, प्रकाशकिरण असे उपचारही आहेत.

मग भावे-सुकथनकरांचा ‘नितळ’ (२००६) पाहिला. नायिका डॉक्टर, अंगावर कोड. पण तपासणी होते ती तिला पाहणाऱ्या घराची!

आणि माझीही.

दुसऱ्या दिवशी तीच गाडी, तीच मुलगी.

‘जरा सरकतेस?’

सरकली. बसले.