बी.ए. हलकी कोणी केली?



"बीए करून काय करतं रे पोट्ट्या? त्यापरीस आयटीआय कर, कामाले तरी लागशील." जानेफळात हे पारावर ऐकू येतं, एसटी स्टँडवर ऐकू येतं, आपल्या वस्तीतही ऐकू येतं. आयटीआयवर माझा राग नाही. हातात कसब असणाऱ्याला मी मानतो. पण बी.ए.ला हलकी म्हणणाऱ्यांना माझा सवाल आहे, ती हलकी कोणी केली?

हिशेब साधा आहे. सायन्सला शिकवणी लागते, शिकवणीला पैसा लागतो. ज्याच्या बापाला विकायला वावरच नाही, जो दुसऱ्याच्या वावरात सोयाबीन सोंगायला जातो, त्याचं पोरगं मेहकरच्या एसटीत बसतं आणि आर्ट्सला नाव टाकतं. मीही त्याच बाकावर तीन वर्षं काढली. मजुराची पोरं बसली की बाक हलका ठरतो. माणूस बघून काम हलकं ठरवायचं, ही जातीची जुनी चाल. ती विहिरीवरून उठली नि कॉलेजात येऊन बसली. मग प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं भरायच्या नाहीत, तासिका तत्त्वावरच्या मास्तरला अर्धपोटी राबवायचं, आणि पोरं गाइडं घोकून पास झाली की म्हणायचं, बघा, यांच्या डिग्रीत दम नाही!

अरे, बाबासाहेब 1912 साली एल्फिन्स्टनमधून बी.ए.च झाले ना? 1916 साली कोलंबियात त्यांनी जातीच्या उगमावर निबंध वाचला, तो मानववंशशास्त्राच्या वर्गात. 1918 साली शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिलं, ते अर्थशास्त्र. हेच तर आर्ट्सचे विषय! 1950 साली त्यांनी तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद. तिथं शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' चालवलं, आणि ज्यांना कोणी लेखक म्हणत नव्हतं ते लिहू लागले.

पण डिग्रीचा कागद भिंतीवर टांगून गप्प बसणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. अर्थशास्त्र शिकता? मग गावची जमीन कोणाच्या नावावर, गायरान कोणाच्या ताब्यात, गड्याला मजुरी किती नि बाईला किती, हे वहीत उतरवा. इतिहास शिकता? वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, 1956 नंतर कोणी कोणती गावकीची कामं सोडली, त्यापायी काय सोसलं. मराठी शिकता? मायच्या तोंडचे शब्द गोळा करा, ते अशुद्ध नाहीत हे पेपरात ठणकावून लिहा. गाइडात यातलं काही सापडणार नाही.

आणि एकेकटे नको, मिळून निवेदन घेऊन जा. पूर्ण वेळ मास्तर द्या. वाचनालय उघडं ठेवा. 1944 पासून चालत आलेली शिष्यवृत्ती वर्ष सरायच्या आत हाती द्या. ही भीक नव्हे, हा हक्क आहे, आणि तो मागताना मान खाली घालायचं काही कारण नाही.

जयभीम!