जुना सिंथ वाचवायचाय? आधी फ्लॉपी कॉपी करा!

एन्सोनिकचा 'मिराज' हा १९८० च्या दशकातला सॅम्पलर कीबोर्ड. आवाज रेकॉर्ड करायचा आणि पट्ट्यांवर वाजवायचा! त्याची ऑपरेटिंग सिस्टीमही फ्लॉपीवरूनच लोड होते. फ्लॉपी खराब झाली की कीबोर्ड मुका. सोनीने जपानमध्ये २०११ मध्ये फ्लॉपीची विक्री थांबवली. म्हणून अनेकजण जुना ड्राइव्ह काढून, फर्मवेअर बदललेला गोटेक इम्युलेटर बसवतात. तो पेनड्राइव्हवरची फाइल फ्लॉपी म्हणून पुढे करतो. उपाय उत्तम, पण घाई नको. संगीतकाराने स्वतः रेकॉर्ड केलेले आवाज जुन्या फ्लॉपीवरच असतात. ते कुठूनही डाउनलोड होणार नाहीत. साधा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मिराजचा फॉरमॅट वाचत नाही, ग्रीझविझलसारखा बोर्ड लागतो. चुंबकीय थरच निघाला, तर मात्र तोही हतबल.